एकतीस घरांचा बांध

मार्गशीर्ष अर्धा सरला की आमच्या कॉलेजमागच्या शेतातून संध्याकाळी भांबुर्डीचा वास येऊ लागतो. कुणीतरी मडक्यात वालाच्या ओल्या शेंगा भरून, तोंडाशी तो उग्र पाला कोंबून, मडकं जमिनीवर पालथं घालून गवताचा जाळ केलेला असतो. पोपटी लागली, म्हणजे थंडी आली. मुंबईहून नव्याने आलेले प्राध्यापक नाकाला रुमाल लावतात आणि हे काय जळतंय म्हणून विचारतात. मी उत्तर देते, पण माझं अर्धं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. तळव्यांना चिखलाचा गारठा जाणवू लागतो आणि कानात एक हाक येते. ती माझ्या नावाची नसते. "हरी जान्याचं घर!" अशी ती हाक.

मी हरी जान्याची कुणीही लागत नाही. तो माणूस मी कधी पाहिलासुद्धा नाही. तरी त्या हाकेला ओ देऊन मी चार दिवस उभी राहिले होते, आणि आयुष्यात ज्याला मी शिकणं म्हणते ते बरंचसं त्या चार दिवसांत झालं. बाकीचं पुस्तकांत होतं, ते पुस्तकांतच राहिलं.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. मी गिरगावात वाढलेली, भूगोल घेऊन बी.ए. करणारी मुलगी. अक्षर सुरेख, आणि त्याचा गर्व अक्षराहून मोठा. आमचे सर मोठे हट्टी गृहस्थ. नकाशा फळ्यावर काढून समुद्र कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावाच्या बंदिस्ती मंडळाला पत्र लिहिलं, की नाताळच्या सुट्टीत आमची आठ मुलं तुमच्या बांधाचा अभ्यास करायला येऊ इच्छितात. हे मंडळ म्हणजे गावातली एकतीस घरं. समुद्राचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून पणजोबा-खापरपणजोबांनी घातलेला मातीचा बांध ही घरं वर्षानुवर्षं राखत होती.

गावातल्या गुरुजींच्या हातचं उत्तर आलं. सरांनी ते वर्गात उभं राहून वाचून दाखवलं. मुलं पाहुणी म्हणून येणार असतील तर येऊ नयेत. एकेका घरी एकेक मूल राहील. ज्या घराच्या चुलीवर जेवेल, त्या घराच्या नावाने बांधावर उभं राहील. मुली आल्या तरी चालतील, आमच्या बायकाही चिखल उचलतात. आणि जाताना आमच्या बांधाचा नकाशा काढून द्यावा, आम्हांला सरकारकडे पक्की उघाडी मागायची आहे. उघाडी म्हणजे बांधातली झडपेची मोरी. पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरतीचं आत येऊ देत नाही.

"पाहिलंत?" सर म्हणाले. "आपण त्यांचा अभ्यास करायला निघालोय, आणि त्यांनी आपल्याला कामाला लावलंय. असंच हवं."

आईला हे असं मुळीच नको होतं. पण वडिलांनी शब्द टाकला आणि मी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीत बसले. सोबत होल्डॉल, मोजपट्टी आणि लाल पुठ्ठ्याची कोरी वही.

त्या वहीबद्दल मला आजही थोडी लाज वाटते.

आम्ही पोचलो तेव्हा गाव अभ्यासाच्या मनःस्थितीत नव्हतं. दत्तजयंतीच्या पौर्णिमेला मोठं उधाण आलं आणि बांधाला खांड गेली होती. खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड. दहा-बारा हात रुंद. तिच्यातून खाडीचं पाणी आत आलं होतं आणि कापणी झालेल्या शेतांत भाताच्या खुंटांवर चकाकत पसरलं होतं. बघायला ते फार सुंदर होतं. मी तसं म्हटलंही. शेजारी उभ्या असलेल्या बाईने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

ती द्वारकाकाकी. हरी जान्याची विधवा. माझी चूल तिच्या घरी नेमलेली होती. पन्नाशीची, काळी, काटक, आणि डावा हात गळ्यात झोळीत बांधलेला. भात झोडताना मनगट मोडलं होतं. मुलगा मुंबईला गिरणीत, त्याला रजा मिळाली नव्हती.

"चल, तुना दाकवते," म्हणाली आणि मला पाण्याच्या कडेकडेने घेऊन गेली. पाणी जिथे थांबलं होतं तिथून पन्नास पावलांवर गावाचं तळं होतं. गुडघाभर उंचीची कड, कडेला दोन भेंडीची झाडं, आणि आत स्वच्छ, स्थिर पाणी. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या या खाऱ्या जमिनीत, विहिरी खोदल्या तर मचूळ पाणी लागतं. पावसाचं पाणी या तळ्यात साठायचं, आणि पुढच्या पावसापर्यंत एकतीस घरं तेच प्यायची.

"या उदानाला पानी इथवर आलं," काकीने पायाच्या अंगठ्याने चिखलात रेघ ओढली. "आमुशेचं उदान येल तवा ते आत जाईल. मंग जेठापातूर दोन कोस चालायचं, डोकीवर हंडा घेऊन. माजं लगीन झालं त्या साली गेली व्हती मी. पायाला चिरा पडल्या, त्या अजून भरल्या न्हाय."

आणि तिने पाय उचलून तळवा दाखवला. मी पाहिला. त्यानंतर त्या पाण्याला सुंदर म्हणायचं मला सुचलं नाही.

हिशेब सरळ होता. पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण. मधल्या अष्टमी-नवमीला भांगाची भरती, म्हणजे समुद्राचा जोर सगळ्यांत कमी. खांड बुजवायची ती या भांगाच्या दिवसांत, आणि दिवसाच्या ओहोटीत. चार दिवस, रोज पाच-सहा तास. नाही जमलं तर अमावास्या कुणासाठी थांबत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी धुकं होतं. पाणी उतरायला लागलं तसे पोशादादा उघाडीच्या दगडावर चढले. मंडळाचा हा म्होरक्या सत्तरीचा, अंगाने किरकोळ, पण आवाज खाडीपलीकडे पोचेल असा. त्यांनी एकेका घराला हाक मारायला सुरुवात केली. हातात कागद नव्हता, त्यांना वाचताही येत नव्हतं. "नामा गोम्याचं घर!" "हाय!" "चांगू पदीचं घर!" "हाय!" हाक आली की त्या घरचं माणूस पुढे होऊन उभं राहायचं. एकापुढे एक, हात लांबवला की हाताला हात लागेल इतक्या अंतरावर, खांडीच्या तोंडापासून मागे चिखल काढायच्या जागेपर्यंत. आठ नावं झाली आणि नववं आलं.

"हरी जान्याचं घर!"

कुणी बोललं नाही. माझ्या पाठीत काकीचं कोपर बसलं, तेव्हा कळलं.

"हजर," मी म्हटलं, कॉलेजातल्यासारखं.

सगळी रांग हसली. "हाय म्हन गो, बाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"हाय," मी म्हटलं आणि चिखलात उतरले.

तो चिखल! गुडघ्यापर्यंत गार, शिंपल्यांच्या कचांनी भरलेला, आणि वासाने जुन्या मिठाच्या पोत्यासारखा. मागून पोळीच्या कणकेएवढे घट्ट गोळे कापून यायचे. कणीक हत्तीसाठी मळली असेल तर तेवढे. घ्यायचा, वळायचं, पुढे द्यायचा. खांडीच्या तोंडाशी खुंट ठोकलेले, त्यांत तिवराच्या फांद्या आणि पेंढ्याचे भारे दाबलेले, आणि त्यावर हे गोळे पायांनी तुडवून बसवणारे चार दांडगे गडी. तासाभराने माझे हात कुणा दुसरीचे असावेत असं वाटू लागलं. दोन तासांनी माझेही वाटेनात आणि दुसरीचेही. पण रांगेतून बाहेर पडता येत नाही. मी थांबले तर पुढचे आठ थांबतात, मागचे बावीस तुंबतात. माझ्या गिरगावातल्या एकोणीस वर्षांत मी थांबल्याने कुणाचं काही अडलं नव्हतं. ही भावना नवी होती आणि मला ती आवडली, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी अंगण भांबुर्डीच्या धुराने भरलं होतं. काकीने पोपटीतल्या गरम शेंगा सुपात ओतल्या आणि एका हाताने सोलून माझ्यापुढे ठेवल्या, कारण माझी बोटं मिटत नव्हती. तशाही बोटांनी मी लाल वही काढली. सरांनी सांगितलं होतं, मंडळाने आपल्याला जेवू घातलंय, आपणही काही तयार करून द्या. मी एकतीस घरांची यादी केली. ठळक अक्षरांत, समास सोडून, आणि चोख वर्णानुक्रमाने. अ पासून ह पर्यंत. पोशादादांची यादी मला फार विस्कळीत वाटली होती. आळीप्रमाणे नाही, वयाप्रमाणे नाही, कशाप्रमाणेच नाही. म्हाताऱ्याला आठवेल तशी नावं घेतो बिचारा, असं मला वाटलं. मी मनापासून त्यांची कीव केली होती.

दुसऱ्या दिवशी पोशादादांना सणकून ताप भरला. घसा बसला, उठवेना. त्यांनी निरोप पाठवला, कॉलेजच्या पोरीच्या वहीत घरं लिहिलेली आहेत, तिला वाचायला सांगा. मी उघाडीच्या दगडावर चढले. समोर धुक्यात बाकीच्या घरांची तीस माणसं. मी वही उघडली आणि अ पासून वाचायला लागले.

पहिल्याच नावाला थोडी चुळबूळ झाली. अनंताच्या घरचं माणूस म्हणजे अनंताच, दमेकरी. तो माझ्याकडे, मग खांडीकडे पाहत पुढे गेला आणि काल जिथे दांडगे गडी होते तिथे जाऊन उभा राहिला. त्या बांधावर हाक येईल त्या जागी उभं राहायचं असतं, वाद घालायचा नसतो. पुरात आणि उधाणात वाद घालायला वेळ नसतो म्हणून पूर्वजांनी तसं ठरवून टाकलेलं. माझ्या तोंडून नावं येत गेली आणि माणसं मुकाट्याने उभी राहत गेली. द. दामाचं घर. ध. धर्माचं घर. माझ्या वर्णमालेने या दोघांना शेजारी आणून ठेवलं.

दामा आणि धर्मा सख्खे भाऊ. बैलांच्या वाटणीवरून बिनसलेलं, आणि दहा वर्षं अबोला. नुसतं बोलणं बंद नव्हतं, एकाच्या हातचं दुसरा घेत नसे. आगीत पडलेलं पोरही बहुधा तिसऱ्याच्या हातून घेतलं असतं. पहिला गोळा धर्मापाशी आला. तो वळला, समोर दामाचे हात बघितले आणि त्याने गोळा खाली ठेवला. दामाने तो वाकून उचलला. दुसरा गोळा, तेच. खाली ठेवलेला चिखल पाणी पितो आणि सुटतो. दामाच्या हातात येईपर्यंत गोळ्याचा काला व्हायचा. मागे रांग तुंबली, पुढे अनंता खोकत उभा. मी दगडावर वही छातीशी धरून उभी होते आणि मला हेही कळत नव्हतं की चूक कुठे आहे.

भरती फिरली तेव्हा आदल्या दिवशीच्या कामावर हातभरही चढलं नव्हतं. पाणी वरून गेलं आणि पेंढ्यासकट निम्मं काम घेऊन गेलं. आम्ही बांधावर उभं राहून ते बघितलं.

मला कुणीतरी ओरडायला हवं होतं. गिरगावात ओरडले असते. इथे बायका पाय धुऊन घरी गेल्या. एकटी काकी म्हणाली, "पोशादादाकडं जा. रडायचं आसल तर वाटंत रड, तितं जाऊन न्हाय."

मी वाटेत रडले आणि दारात डोळे पुसले. पोशादादा गोधडीत बसून पेज पीत होते. मी सगळं सांगितलं. ते हसले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

"वही काड," ते कुजबुजले. "लिव आता. चार जनं तुडवनारी पयली. मंग तीन, ज्यांचा हात लांब हाय. दामा आठवा. मंग तुजं घर. द्वारकीचं दोगांशी बरं हाय, ती दामाच्या पाठी. धर्मा बाविसावा. मधी तेरा मानसां."

"तेराच का?"

"तेरा हातांतून गेलेला चिखल कुनाचा ऱ्हात न्हाय, पोरी. मंग तो बांदाचा व्हतो."

मी लिहीत होते, आणि कान गरम होत होते. एकतीस घरांची भांडणं, सोयरिकी, कुणाचा दमा, कुणाचा खांदा, कोण कुणाच्या शेजारी गप्प राहतं आणि कोण हसतं, हे सारं त्या म्हाताऱ्याच्या हाकेत ओवलेलं होतं. मी त्याला विस्कळीत म्हटलं होतं. सरांनी नंतर मला एवढंच विचारलं, "त्यांना क्रमाचं कारण विचारलं होतंस?" नव्हतं विचारलं. मी मोजलं होतं, लिहिलं होतं, सुबक केलं होतं, पण विचारलं नव्हतं. आज माझ्या वर्गातल्या मुलींना मी इतर काय शिकवते कोण जाणे, पण हे पहिल्या दिवशी सांगते.

कॉलेज उघडायला दोनच दिवस होते. तीन मुलं बोटीने परत गेली, त्यांना दोष देता येत नाही. आम्ही पाच राहिलो. सरांनी प्राचार्यांना तार केली. तारेत काय लिहिलं ते त्यांनी आम्हांला सांगितलं नाही, पण परतल्यावर बराच काळ ते प्राचार्यांच्या खोलीसमोरून झपझप जात असत.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा दगडावर चढले. लाल वहीतलं दुसरं पान उघडलं आणि जमेल तेवढ्या मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या चार नावांनंतर रांगेतून एक हुंकार आला. आठवं झालं. नववं नाव वाचलं, "हरी जान्याचं घर", वही गुरुजींच्या हातात दिली, स्वतःच "हाय" म्हटलं आणि उडी मारली. त्यावर जे हसू उसळलं त्याने आदल्या दिवसाचं ओझं अर्धं उतरलं. पुढची बावीस नावं गुरुजींनी वाचली.

त्या दिवशी आणि चौथ्या दिवशी काय झालं ते क्रमाने सांगता येत नाही. गोळा घ्यायचा, वळायचं, द्यायचा. दामाच्या पाठीवरचं घामाचं मीठ आठवतं. मागे, तेरा माणसांपलीकडे, धर्माचा "घे, घे, घे" असा ताल आठवतो. तो ताल पकडून दामाही हात चालवत होता, आणि दोघांनाही ते मान्य नव्हतं. माझी बोटं फुटली, त्यांना काकीने तिळाचं तेल लावलं. चौथ्या दिवशी भरती फिरायच्या वेळी खांडीचं तोंड हातभर उरलं होतं. तेव्हा काकी स्वतः उतरली, झोळीतला हात तसाच, उजव्या कुशीत पेंढ्याचा भारा. कुणी तिला थांबवलं नाही. तिने तो भारा त्या तोंडात दाबला, त्यावर बसली, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी आम्ही चिखल भरला. पाणी आलं. बांधाला लागलं. थांबलं.

अमावास्येला दुपारी सगळं गाव बांधावर होतं. पाणी चढत चढत काठापासून वीतभर खाली आलं आणि तिथेच कितीतरी वेळ हलत राहिलं. मग उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी मला तळ्यावर घेऊन गेली. तिने उजव्या हाताच्या पशात पाणी घेतलं, अर्धं स्वतः प्याली आणि उरलेलं माझ्या तोंडाशी धरलं.

"कसं हाय?"

"गोड," मी म्हटलं.

"मंग जा आता मुंबयला," ती म्हणाली आणि हंडा भरायला वाकली.

मी गेले, आणि परत आले. इथे तालुक्याला कॉलेज निघालं तेव्हा मुंबईतली नोकरी सोडून अर्ज केला. लोकांना वाटतं, समुद्राच्या हवेसाठी. दरवर्षी नाताळात माझी कॉलेजची मुलं त्याच गावी, त्याच अटींवर जातात. नकाशा गेला, अर्जावर अर्ज गेले, पक्की उघाडी मागच्या वर्षी झाली. बांध अजून मातीचाच आहे आणि दर मार्गशीर्षात त्याची डागडुजी एकतीस घरंच करतात. दामा-धर्मा अजून बोलत नाहीत.

या पावसाळ्यात द्वारकाकाकी गेली. मुलगा दिवस करून मुंबईला परतला. घराला कुलूप. तिथला नियम मला पाठ आहे. ज्या घराची चूल पेटते त्याचीच हाक होते. चूल विझली की एका वर्षाची वाट बघत नाहीत, नाव गळतं, आणि मागचं घर एक पाऊल पुढे सरकतं. त्यात कुणाचा अपमान नसतो. बांधाला माणूस लागतं, आठवण नाही.

परवा मुलांना घेऊन गेले. पोशादादा आता नव्वदीकडे झुकलेत, डोळ्यांनी दिसत नाही, पण उघाडीच्या नव्या सिमेंटवर त्यांना उचलून बसवतात आणि हाक तेच मारतात. माझी लाल वही गुरुजींच्या कपाटात मेणकापडात गुंडाळून आहे. ती कुणाला लागत नाही.

धुकं होतं. मी कडेला उभी होते, खादीची नवी साडी, खांद्याला पर्स, सोबत अकरा मुलंमुली आपापल्या घराची हाक ऐकायला टपलेली. आठवं झालं. दामा म्हातारा झालाय, पण "हाय" जोरात म्हणतो. मग पोशादादा थांबले. नव्या पोरांना वाटलं, आजोबा विसरले. ते विसरले नव्हते. त्यांनी चेहरा माझ्या बाजूला वळवला, जरा चुकीच्या दिशेला, आणि विचारलं, "द्वारकीची चूल पेटवलीय काय कुनी?"

शेजारणीकडे काकीने एक चावी ठेवली होती. कुणासाठी, ते शेजारणीला सांगावं लागलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी ते कुलूप काढलं, ओटा सारवला, काटक्या लावल्या आणि तळ्याच्या पाण्याने भात शिजवला. एकटीने जेवले. माझ्या बोटांना अजून भाताचा वास होता.

"पेटलीय, दादा," शेजारीण म्हणाली.

पोशादादांनी मान हलवली आणि पुन्हा खाडीकडे तोंड केलं.

"हरी जान्याचं घर!"

मी पर्स माझ्या एका मुलीच्या हातात दिली आणि पदर खोचला.

"हाय!"